अगं, आमच्याकडे काल काय झालं माहितीये?

कालच्या एका दिवसात आमच्या मैत्रिणींच्या चॅट ग्रुपवर आलेल्या बातम्या ऐका. एकीच्या सासऱ्यांनी चुकून सासूबाईंचा चष्मा लावून अख्खा पेपर वाचून काढला आणि मग डोकं गरगरतंय म्हणून बीपीचं मशीन काढून बसले, घरात सगळ्यांची धावपळ, आणि सासूबाई शेजारच्या खोलीत माझा चष्मा कुणी नेला म्हणून शोधतायत. एकीची मुलगी कॉलेजच्या तोंडी परीक्षेत भलत्याच रांगेत जाऊन बसली, नंबर आल्यावर कळलं की हा विषयच तिचा नाही. एकीच्या नवऱ्याने गाडीची किल्ली गाडीत ठेवून दार लावलं. आणि जुळ्यांच्या आईकडे दोघांपैकी एकाचा पहिला दात पडला, आणि माझा का नाही पडला म्हणून दुसरा संध्याकाळपर्यंत रडत होता, शेवटी ज्याचा पडला त्यानेच त्याला सांगितलं की तू माझ्या दाताला हात लाव, थोडा तुझा पण.

हे वाचताना मी ऑफिसमधून घरी येत होते आणि दाताच्या बातमीला मला खरंच भरून आलं. त्या पोरांना मी कधी प्रत्यक्ष बघितलेलं नाही. त्यांच्या आईलासुद्धा नाही.

आमच्यातल्या काहीजणी ऑर्कुट या जुन्या सोशल साइटच्या काळापासून एकमेकींना ओळखतात. 30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद झालं तेव्हा त्याआधीच्या आठवड्यात सगळ्यांनी घाईघाईने एकमेकींचे नंबर घेतले, ईमेल लिहून ठेवले, कुणी हरवू नये म्हणून. नंतर बाकीच्या एकेक करून येत गेल्या, कुणी कुणाची बहीण, कुणी कुणाची ऑफिसमधली. आता कुणाकडे सकाळ असते तेव्हा कुणाकडे निजानीज झालेली असते. आणि एक गंमत अशी की आम्ही एकमेकींना नावाने कमी आणि घरच्या माणसांवरून जास्त ओळखतो. जुळ्यांची आई, सासऱ्यांवाली, पोहणाऱ्या बाबांची मुलगी. ज्या दोघीतिघी भेटल्यात त्यांनी पहिल्यांदा भेटल्यावर स्वतःबद्दल काही बोलायच्या आधी "सासऱ्यांचं बीपी कसंय?" हेच विचारलं होतं म्हणे.

घरात मायेची माणसं असताना घरच्या गोष्टी इतक्या लांबच्या बायकांना कशाला सांगायच्या, असं मला बरेचजण विचारतात. माझ्या बहिणीनेही विचारलं होतं, जरा दुखावूनच. तिला तेव्हा जे सांगितलं तेच इथे सविस्तर सांगते.

घरातल्या माणसाला बातमी सांगितली की त्या बातमीला लगेच काम चिकटतं. मागे माझी आई बाथरूमच्या दारात पाय घसरून पडली, हात टेकायला गेली आणि मनगट मोडलं. घरच्यांना कळवायचं म्हणून मी फोन करत सुटले. भाऊ म्हणाला मला आधी का नाही कळवलं. मावशी म्हणाली मी तरी सांगत होते तिथे पायपुसणं ठेवू नका. काकांनी कुठल्या डॉक्टरकडे नेलं, त्याच्याकडेच का नेलं, दुसऱ्याचं मत घेतलं का, हे विचारलं. मग रजा कोण घेणार, रात्री कोण थांबणार. यातलं कुणीच वाईट नव्हतं, सगळ्यांचा आईवर जीव आहे आणि म्हणूनच प्रत्येकाला काहीतरी करायचं होतं, पण प्रत्येक फोननंतर माझ्या डोक्यावर आणखी एक गोष्ट येऊन बसत होती.

रात्री उशिरा मी ग्रुपवर एवढंच टाकलं, आई पडली, मनगट फ्रॅक्चर, प्लास्टर घातलंय, साधारण सहा आठवडे. तिकडून पहिला प्रश्न आला, उजवं का डावं? मी म्हटलं उजवं. मग दुसरीने विचारलं, मग केस कोण विंचरतंय त्यांचे?

मी फोन हातात घेऊन तशीच बसून राहिले. कारण दिवसभर नेमका हाच घोळ चालला होता. आईला कुणी केसांना हात लावलेला चालत नाही, ती डाव्या हाताने फणी फिरवत होती, मागचे केस येत नव्हते, आणि मी पुढे झाले की "राहू दे गं" म्हणत होती. अख्ख्या नातेवाईकांमध्ये कुणाला हे सुचलं नव्हतं, आणि का सुचावं, त्यांना पुढच्या चिंता होत्या. जिने विचारलं तिच्या आईचाही हात आदल्या वर्षी मोडलेला. तिने सांगितलं की आरसा समोर धर, फणी त्यांच्याच हातात दे, तू फक्त मागून केस धरून ठेव, म्हणजे विंचरतायत त्याच. दुसऱ्या दिवशी केलं तसं. आई काही बोलली नाही पण तिने मला ढकललंही नाही.

बाकी पण बरंच आलं त्या रात्री. हात उशीवर उंच ठेवायचा म्हणजे सूज कमी राहते, बोटं मात्र हलवत राहायची नाहीतर ती आखडून बसतात, पुढून बटणं असलेले सैल बाह्यांचे कपडे काढून ठेव, बोटं निळसर किंवा बधिर वाटली तर सकाळची वाट बघू नको. आणि आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या, ज्यांना आम्ही नुसतं ताई म्हणतो, त्यांनी लिहिलं की या वयात साध्या पडण्याने मनगट मोडलंय तर हाडं ठिसूळ झालीयेत का ते तपासायला डॉक्टरांना आठवणीने सांग, नुसतं प्लास्टर काढून मोकळं होऊ नका. ती तपासणी आम्ही केली. कमी निघाली घनता, औषध सुरू झालं. ताईंनी नसतं सांगितलं तर आम्ही प्लास्टर काढलं त्या दिवशी सुटलो म्हणून घरी आलो असतो.

आता मण्याची गोष्ट. ती आमच्यात इतक्या वेळा सांगून झालीये तरी अजून कुणी नवीन आलं की सांगितली जातेच. जुळी तेव्हा तीन वर्षांची होती. रात्रीची वेळ, त्यांचे बाबा गावाला गेलेले, आणि ग्रुपवर एकदम मेसेज, "धाकट्याच्या नाकात मणी गेलाय, दिसतोय पण निघत नाहीये, काय करू." तिच्या तोंडचं पाणी पळालेलं असणार कारण सगळा मेसेज एका दमात, मध्ये एक स्पेस नाही. आणि मग व्हायचं तेच झालं, एका मिनिटात दहा उत्तरं. चिमट्याने काढ, चिमट्याने अजिबात काढू नको, शिंक आणव, तेल सोड, हॉस्पिटलला जा, रिक्षा बोलाव.

आमच्यातली एक लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, तिला आम्ही सिस्टरच म्हणतो. तिने सरळ व्हॉइस कॉल लावला. पहिला प्रश्न, मणीच आहे ना, घड्याळातली किंवा रिमोटमधली ती गोल चपटी बॅटरी नाही ना? कारण ती असेल तर एक मिनिट घालवायचं नाही, नाकात किंवा अन्ननलिकेत अडकलेली तसली बॅटरी दोन तासांत आतली कातडी जाळायला लागते, तडक हॉस्पिटल गाठायचं. मणीच होता, निळा, मोठ्या भावाच्या हातातल्या माळेतला (मोठा म्हणजे सात मिनिटांनी मोठा). मूल नीट श्वास घेतंय ना, घेतंय. मग तिने सांगितलं की त्याला घाबरवू नको, सांग की आई तुला मोठ्ठा पापा देणारे. ज्या नाकपुडीत मणी नाही ती बोटाने दाबून बंद कर. त्याचं तोंड उघडं ठेवून त्यावर तुझं तोंड घट्ट लाव, हवा बाहेर जाता कामा नये. आधी हळू फुंक, आत अडल्यासारखं वाटलं की एकदम जोरात छोटीशी फुंकर मार.

पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा तो मणी बाहेर आला आणि आईच्याच गालावर चिकटला. कॉलवर आधी काही ऐकू येईना, मग पोराचा हसण्याचा आवाज आला, आणि मग तो म्हणाला "पुन्हा". आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

सिस्टरने नंतर सांगितलं की या प्रकाराला डॉक्टर मंडळी मदर्स किस म्हणतात, अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी 1965 मध्ये तो पहिल्यांदा लिहून ठेवला, आणि 2012 मध्ये कॅनडाच्या एका वैद्यकीय मासिकात त्यावरचे आधीचे सगळे अनुभव एकत्र करून बघितले तर पाचपैकी साधारण तीन वेळा उपयोग झालेला दिसला. म्हणजे दरवेळी होईलच असं नाही. एकदोनदा करून नाही निघालं तर डॉक्टरकडेच, आणि आपण स्वतः चिमटा, पिन असलं काही घालायचं नाही, ती वस्तू आणखी आत सरकते. हे मी मुद्दाम लिहितेय, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

त्या दहा उत्तरांबद्दल मात्र मला बोलायचंय. कुणी संकटात असताना प्रत्येकीने आपल्याला माहीत असलेलं टाकत सुटणं हे प्रेमापोटीच असतं, पण समोरच्या बाईला त्यातलं खरं कुठलं हे निवडत बसायला वेळ नसतो. नंतर एकदा एकीचा हात इस्त्रीने भाजला तेव्हाही टूथपेस्ट लाव, बर्फ लाव सुरू झालं. दोन्ही चूक. भाजल्यावर वीस मिनिटं गार वाहत्या नळाखाली हात धरायचा, बांगडी अंगठी सूज यायच्या आत काढायची, बाकी काही चोपडायचं नाही. वीस मिनिटं हे ऐकायला सोपं वाटतं, प्रत्यक्षात नळाखाली उभं राहून बघा, पाचव्या मिनिटाला आपण कंटाळून हात काढतो. तेव्हा सिस्टरने फोन चालू ठेवून तिच्याशी वीस मिनिटं नुसत्या गप्पा मारल्या होत्या. तेव्हापासून आमच्यात न ठरवता एक ठरून गेलंय, दुखण्याखुपण्याचं काही आलं की आधी सिस्टर बोलणार, ती ऑनलाइन नसेल तर ज्यांच्याकडे नेमकं तेच झालेलं आहे त्या. बाकीच्यांनी "आहे मी इथे" एवढं म्हटलं तरी पुरतं. आणि औषधाचा डोस ग्रुपवर कुणी कुणाला सांगायचा नाही, यावर मी अगदी ठाम आहे, कितीही जवळची असो.

वाईट बातमीला सगळ्या धावून येतात हे मी ठिकठिकाणी बघितलंय, नुसत्या आमच्याच ग्रुपमध्ये असं नाही. चांगल्या बातमीचं तसं होत नाही. कुणाचा हात मोडला तर पन्नास मेसेज, आणि कुणी काही मिळवलं, कुणाच्या घरी काही छान झालं तर अंगठा, फुलं, टाळ्या, की झाली पुढची बातमी सुरू. शेली गेबल नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये यावर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की आपण कुणाची चांगली बातमी ऐकतो तेव्हा आपलं उत्तर साधारण चार प्रकारचं असतं, आणि नुसतं छान म्हणणं आणि मनापासून रस घेऊन पुढचं विचारणं यात खूप अंतर आहे. 2006 च्या अभ्यासात तर त्यांना जोडप्यांमध्ये असं दिसलं की वाईट प्रसंगी जोडीदार कसा बोलला यापेक्षा चांगल्या बातमीला तो कसं बोलला, त्याच्याशी नात्याच्या तब्येतीचा जास्त संबंध आहे.

मला हे वाचल्याबरोबर आमच्या पोहणाऱ्या बाबांची आठवण झाली. त्यांच्या मुलीने एक दिवस लिहिलं, "आमच्या बाबांनी सत्तराव्या वर्षी पोहायला शिकायला सुरुवात केली." आता यावर उत्तरं बघा. एक, छान. दोन, या वयात? काही झालं म्हणजे? तीन, आमच्याकडे तर आज सकाळपासून लाइटच नाहीयेत. आणि चौथं, जे ताईंनी लिहिलं : अरे वा! कुणी सुचवलं त्यांना? पहिल्या दिवशी काय झालं ते नीट सांग.

आणि मग तिने नीट सांगितलं. आई गेल्यापासून बाबा सकाळी उठून नुसते गॅलरीत बसायचे. डॉक्टर चाला म्हणाले होते पण गुडघे दुखायचे, पाण्यात अंगाचा भार कमी पडतो म्हणून कुणीतरी पोहायचं सुचवलं. पहिले काही दिवस ते फक्त कठडा धरून पाण्यात उभे राहिले. शिकवणारा मुलगा त्यांच्या नातवाच्या वयाचा, तो त्यांना रोज म्हणायचा काका आज फक्त तोंड बुडवून दाखवा. ज्या दिवशी त्यांनी तोंड बुडवलं त्या दिवशी घरी येऊन त्यांनी आपणहून मुलीला फोन केला. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी स्वतःहून केलेला तो पहिला फोन होता, आणि तिला मुळात तेच सांगायचं होतं. पोहणं हे निमित्त. ताईंनी विचारलं नसतं तर आम्हाला ते कधीच कळलं नसतं, आम्ही फुलं पाठवून मोकळ्या झालो असतो. नंतर बाबांनी पोहण्याचा तलाव पहिल्यांदा न थांबता आडवा पार केला तेव्हा ग्रुपवर असा जल्लोष झाला की सासऱ्यांवालीच्या सासऱ्यांनी विचारलं कोण पास झालं.

आता एक अवघड बाब. आपल्या घरच्या बातम्या म्हणतो खऱ्या, पण त्या एकट्या आपल्या नसतात. मुलाला कमी मार्क पडले ही बातमी मुलाची आहे, सासूबाईंचं ऑपरेशन ही सासूबाईंची. आमच्यातल्या एकीचा मुलगा चौदा वर्षांचा झाला तेव्हा त्याने आईला स्वच्छ सांगितलं की माझ्याबद्दल तुझ्या मैत्रिणींना काही सांगायचं असेल तर आधी मला विचार. तिने येऊन आम्हाला ते सांगितलं (त्याला विचारून) आणि मग त्यावर दोन दिवस चर्चा झाली, जरा गरमागरमीसुद्धा. काहीजणींचं म्हणणं, आम्ही काय परक्या आहोत का, आम्ही त्याला पाळण्यापासून ओळखतो. पण तो कुठे आम्हाला ओळखतो? मला त्याचंच पटतं. हॉस्पिटलच्या बेडवरचा मुलांचा फोटो, म्हाताऱ्या माणसांचे झोपलेले, तोंड उघडं असलेले फोटो, हे कितीही जवळच्या ग्रुपवर टाकू नयेत असं मला वाटतं, त्यांना उठून नको म्हणता येत नसतं. आपल्या वाट्याचं सांगावं. मुलगा नापास झाला यापेक्षा मला रात्रभर झोप नाही आली हे सांगता येतं, आणि मैत्रिणींना तेवढ्यावरून कळतं.

त्या चर्चेनंतर ग्रुपवर मेसेज आपोआप पुसले जायचं सेटिंग लावायचं ठरलं. त्यात 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवस असे पर्याय असतात, आम्ही 90 दिवसांवर ठेवलं. जुळ्यांच्या आईला हे अजिबात आवडलं नव्हतं, तिच्या पोरांचं सगळं लहानपण त्या मेसेजमध्ये होतं, तारीखवार. मग तिने बसून आपले स्वतःचे जुने मेसेज एका वहीत उतरवून काढले, फक्त स्वतःचे, आणि म्हणाली की मुलांना अठरावं लागलं की वही त्यांच्या हातात देईन, ठेवायची की फाडायची ते त्यांनी ठरवावं. मला वाटतं हा फारच चांगला तोडगा आहे.

आणि या सगळ्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट कुणी काही सांगत नाही तेव्हा कळते. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये माणसांच्या मोकळ्या गप्पा ऐकून नोंदवल्या तर त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश गप्पा माणसांबद्दलच्याच निघाल्या, कोण काय करतंय, कुणाचं काय चाललंय. त्यांचं म्हणणं, माकडं एकमेकांच्या अंगावरचं निवडत बसतात तेच काम माणसांमध्ये या गप्पा करतात. लोक याला फालतू चौकश्या म्हणतात. पण रोजच्या चष्म्याच्या, किल्लीच्या, दाताच्या बातम्या येत असतात म्हणून तर कुणाच्या येईनाशा झाल्या की लक्षात येतं.

आमच्यातली एक अशीच गप्प झाली होती. मेसेज वाचायची, कुणाच्या वाढदिवसाला शुभेच्छा द्यायची, सगळं रीतसर. फक्त तिच्याकडच्या बातम्या बंद. तिच्याकडे एक मांजर आहे जी दर काही दिवसांनी काहीतरी पाडते, फोडते, आणि ती ते आम्हाला रंगवून सांगते, तर मांजरीने म्हणे बरेच दिवस काहीच पाडलं नव्हतं. ताईंनी तिला वेगळा मेसेज केला. काय झालं, कशी आहेस, असलं काही नाही विचारलं. फक्त लिहिलं, "मांजर बरी आहे ना?" त्यावर तिचा फोन आला आणि ती खूप रडली. नवऱ्याची नोकरी गेली होती, दोघांनी मिळून ठरवलं होतं की इतक्यात कुणाला सांगायचं नाही, माहेरी नाही सासरी नाही, आणि रोज सगळं ठीक असल्यासारखं बोलून ती थकून गेली होती. ताईंनी आम्हाला यातलं काही सांगितलं नाही. तिने स्वतः सांगितलं, बऱ्याच दिवसांनी, तिला सांगावंसं वाटलं तेव्हा, आणि ताईंच्या मेसेजचंही तिनेच सांगितलं.

तेव्हा ग्रुपवर कुणी धीर धर वगैरे लिहिलं नाही. एकीने नवऱ्याचा बायोडेटा मागवून घेतला, एकीने तो नीट करून दिला. आणि सासऱ्यांवालीने विचारलं, मग मांजरीने या सगळ्या दिवसांत खरंच काही पाडलं नाही का? तर पाडलं होतं की, भरपूर. फ्लॉवरपॉट, चार्जर, एक अख्खी कुंडी. ती एकेक करून सगळं सांगायला लागली, तारखेनिशी, आणि मध्येच नवऱ्याने म्हणे तिच्या हातातून फोन घेऊन स्वतः एक व्हॉइस मेसेज पाठवला की कुंडी मांजरीने नाही, त्याने पाडली होती, मांजरीवर आळ नको. त्याचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला. आता उद्या त्याचा एका ठिकाणी इंटरव्ह्यू आहे, सकाळी दहाला, आणि निघायच्या आधी शर्टावर मांजरीचे केस नाहीत ना ते बघ असं तिला आत्तापर्यंत चौघींनी सांगून झालंय.